बर्लिनमधलं भाड्याचं घर

परदेशी शहरात अपेक्षाभंग होतो तो थंडीने किंवा एकटेपणाने, असं आपण मानतो. बर्लिनपुरतं तरी मला वाटतं, तो घरापासून सुरू होतो. जाहिरातीतलं भाडं बहुतेकदा हीटिंगचा खर्च वगळून असतं, अनामत ३ महिन्यांच्या भाड्यापर्यंत. अनेक घरांत स्वयंपाकघर जवळपास रिकामंच मिळतं. बरंचसं सामान भाडेकरूनेच आणायचं. राहायला गेल्यावर २ आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र हवं. पोटभाडेकरूला बऱ्याचदा नेमकं तेच मिळत नाही. पगार चांगला असतो ना, मग घर का मिळू नये, असं कुणी म्हणेल. असतो, पण नवख्याकडे तिथला पतदाखला नसतो आणि घरमालक आधी तोच मागतो. शिवाय कायद्याचं भक्कम संरक्षण असल्याने जुना भाडेकरू घर सहसा सोडत नाही.