भिरभिऱ्याला विचारा!

मित्रांनो, कागदाचं एक भिरभिरं करा आणि गावाबाहेरच्या मोकळ्या शेतात उभे राहा. गरगर फिरतंय ना? आता धुऱ्यावरच्या झाडांच्या रांगेआड जा. वारा तोच, पण भिरभिरं सुस्तावलं!

असं का बरं झालं? फांद्या-पानांवर आदळून वाऱ्याची शक्ती खर्च होते. उरलेला वारा सरळ वाहत नाही, भोवरे घेत पुढे जातो. झाडाच्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत हा परिणाम जाणवू शकतो.

पवनचक्कीला हे फार महागात पडतं. वाऱ्याचा वेग निम्मा झाला, तर त्यातली शक्ती निम्मी नव्हे, फक्त एक अष्टमांश उरते! शिवाय भोवऱ्यांचे हिसके बसून पाती लवकर खराब होतात.

आपल्या वर्धा जिल्ह्यातलं बोरचं जंगलच बघा. उन्हाळ्यात इथला साग निष्पर्ण असतो. वारा फांद्यांमधून निसटून जातो. पावसाळ्यात मात्र सुपाएवढ्या पानांची भिंत उभी राहते. आणि पवनचक्क्यांना भरपूर वारा मिळण्याचे दिवसही नेमके पावसाळ्याचेच!

म्हणून पवनचक्क्यांना उघडी, उंच जागा हवी असते. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर अशा पवनचक्क्या रांगेनं उभ्या आहेत. तिथे जांभ्या खडकावर मातीचा थर पातळ, त्यामुळे मोठी झाडं कमीच. नैऋत्येचा वारा बिनधास्त धावत येतो.

मग जंगल असेल तिथली झाडं तोडायची का? छे! जर्मनीत जंगलातल्या पवनचक्क्यांचे मनोरे शंभर मीटरहून उंच करतात. पाती शेंड्यांच्या कितीतरी वर फिरतात. झाडं पुढे किती वाढतील, हेही आधीच गणितात धरावं लागतं. पवनचक्की वीसेक वर्षं चालते. तेवढ्यात रोपाचं झाड होतं!

पण उघडं पठार म्हणजे काही रिकामी जागा नव्हे. चाळकेवाडीच्या पठारावर केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी झाले होते आणि ते ज्यांना खातात ते सरडे वाढले होते. म्हणजे जागा निवडताना वारा मोजायचा, झाडं मोजायची, अन् तिथे राहणारे जीवही मोजायचे.

चला तर, भिरभिरं घेऊन निघा. झाडांपासून दहा पावलं, पन्नास पावलं, शंभर पावलं... कुठे ते पुन्हा जोरात फिरू लागतं? वहीत लिहून ठेवा हं!