‘काही लागलं तर सांग गं’: अवघड गर्भारपण, मैत्रिणींची मदत आणि काही गैरसमज

गरोदर मैत्रिणीची तब्येत बरी नाही असं कळलं की फोन सुरू होतात. ‘काही लागलं तर सांग गं,’ असं प्रत्येकजण म्हणते आणि मनापासून म्हणते. ‘हो, सांगते ना,’ असं उत्तर येतं. पुढे सांगत मात्र कुणीच नाही. वासाने पोटात ढवळत असताना ती फोडणी घालते, रक्तदाब वाढलेला असताना मोठ्या मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जिने उतरते, तपासणीला एकटीच रिक्षा करून जाते. इकडे मैत्रिणी समजतात, ती काही बोलली नाही म्हणजे सगळं ठीक चाललं असणार.

या गप्प बसण्यामागे स्वभावातला संकोच असतोच. पण बरीचशी चुकीची समजूतही असते, आणि ती घराघरांत इतक्या प्रेमाने सांगितली जाते की तिच्यावर शंका घ्यायचं सुचत नाही. त्यातल्या काही समजुतींमुळे बायका उगाच जास्त सोसतात.

‘उलट्या काय, सगळ्यांनाच होतात’

दहापैकी सात-आठ गरोदर बायकांना मळमळ किंवा उलट्या होतात, हे खरंच आहे. बहुतेकींना चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत आराम पडतो. पण शंभरात एक ते तीनजणींचा त्रास निराळ्याच पातळीचा असतो. घोटभर पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. लघवी कमी आणि गडद होते. वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरतं, म्हणजे 60 किलोची बाई काही आठवड्यांत 57 किलोच्या खाली येते. पुन्हा पुन्हा दवाखान्यात जाऊन सलाइन लावून घ्यावं लागतं. या आजाराचं वैद्यकीय नाव हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम. त्याच्याकडे दुर्लक्ष झालं तर शरीरातलं पाणी आणि क्षार धोकादायक पातळीपर्यंत घटतात, बी-1 जीवनसत्त्व कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते.

‘मन खंबीर ठेव’, ‘तुझं लक्ष सारखं त्यातच आहे’ असं अशा बाईला सांगितलं जातं. डिसेंबर 2023 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या सल्ल्याचा पायाच काढून घेतला. गर्भ आणि वार यांच्याकडून जीडीएफ-15 नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात येतं. गरोदर होण्याआधी ज्या बायकांच्या रक्तात ते कमी असतं, त्यांच्या मेंदूला त्याची सवय नसते आणि त्यांना त्रास फार होतो. या संशोधनातल्या एक प्रमुख शास्त्रज्ञ मार्लिना फेझो यांनी स्वतः 1999 मध्ये हा आजार भोगला होता आणि त्यात त्यांचं बाळ गेलं होतं. तेव्हा कारण कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे. त्यामुळे हा त्रास म्हणजे मनाचा कमकुवतपणा, असं म्हणायला आता काहीही आधार उरलेला नाही.

आजार खरा आहे हे एकदा मान्य झालं की मदतीकडे बघण्याची नजर बदलते. मग मैत्रिणीने केलेलं काम कौतुक किंवा लाड राहत नाही. मदत काय लागते हेही स्पष्ट दिसू लागतं. तिच्या ओट्यावर जाऊन स्वयंपाक करू नये, कारण वास हाच तर तिचा शत्रू आहे. नवऱ्याचा आणि मुलाचा पोळी-भाजीचा डबा आपल्या घरी करून पोचवावा. सलाइन संपायला तासन्‌तास लागतात, तेवढा वेळ शेजारी बसावं. आणि ‘आलं चघळून बघ’, ‘लिंबू हुंगून बघ’ हे तिने दहा ठिकाणी ऐकलेलं असतं, ते अकराव्यांदा ऐकवू नये. गरोदरपणात देता येतील अशी उलटीवरची औषधं आहेत. ती कुठली आणि किती घ्यायची हे डॉक्टर ठरवतील. मैत्रिणीने तिला डॉक्टरांपर्यंत नेलं तरी खूप झालं.

‘तीन महिने कुणाला सांगायचं नाही’

नजर लागेल, ही या नियमामागची जुनी भीती. शिकलेल्या घरांत तीच थोडी वेगळ्या शब्दांत येते: काही झालं तर सगळ्यांना सांगत बसावं लागेल. पहिल्या तिमाहीत गर्भपाताची शक्यता सर्वांत जास्त असते, हे बरोबर आहे. लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी शंभरात दहा ते पंधरा अशा थांबतात आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे. कुणाला सांगितल्याने किंवा न सांगितल्याने त्यात काही फरक पडत नाही.

आता याच तीन महिन्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहा. मळमळ सर्वांत तीव्र असते ती आठव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमाराला. थकवा विलक्षण असतो. रक्तस्राव झाला तर घाबरगुंडी उडते. म्हणजे ज्या काळात माणसांची गरज सर्वांत जास्त, नेमक्या त्याच काळात आपण तिला एकटी ठेवतो. आणि काही बरंवाईट झालंच, तर ते ज्यांना सांगता येईल अशी दोन माणसं तरी हवीत ना? सगळ्या गावाला सांगू नका. पण एका मैत्रिणीला सांगा, जिच्यापुढे रडता येतं आणि जी दुसऱ्या कुणाजवळ बोलणार नाही.

‘माहेर आहे, सासर आहे, मैत्रिणी कशाला?’

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. त्यात शहाणपण आहे, कारण थकलेल्या मुलीला तिथे हक्काने झोपता येतं. पण रिवाज सुरू होतो सातव्या महिन्यानंतर, आणि अवघड गर्भारपण सातव्या महिन्याची वाट बघत नाही. मुलगी पुण्यात, आई लातूरला, सासूचे गुडघे दुखतात, नवऱ्याला महिन्यातून दोन रजा मिळतात. अशी घरं आज हजारोंनी आहेत. शिवाय काही गोष्टी घरात बोलता येत नाहीत. ‘मला हे बाळ नकोसं झालंय असं कधीकधी वाटतं,’ हे वाक्य सासूला सांगता येत नाही. आईला सांगितलं तर ती रात्रभर जागते. नवरा घाबरतो.

आणि असं वाटणं विरळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार विकसनशील देशांत गरोदरपणी सुमारे 15.6 टक्के स्त्रियांना मानसिक आजाराला, मुख्यतः नैराश्याला तोंड द्यावं लागतं. बाळंतपणानंतर हे प्रमाण 19.8 टक्क्यांवर जातं. तब्येतीची गुंतागुंत असेल तर मनावरचा भार आणखी वाढतो.

या बाबतीत आपल्या शेजारच्या गोव्यात झालेलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. ‘संगथ’ ही तिथली संस्था मानसिक आरोग्यात काम करते. तिथे नैराश्य असलेल्या 280 गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास झाला आणि तो 2019 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या स्त्रियांना नेहमीच्या सेवेबरोबर एका ‘सखी’ची सोबत मिळाली. या सख्या डॉक्टर नव्हत्या, समुपदेशकही नव्हत्या. त्याच परिसरात राहणाऱ्या, स्वतः आई झालेल्या साध्या बायका होत्या. त्यांना प्रशिक्षण दिलं होतं आणि त्या घरी जाऊन बोलत, ऐकून घेत. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा सखी मिळालेल्या गटात नैराश्यातून बाहेर पडलेल्या स्त्रियांचं प्रमाण जास्त होतं. लक्षणांच्या सरासरी तीव्रतेत मात्र दोन्ही गटांत स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणजे परिणाम जादूसारखा नव्हता, माफकच होता. पण शेजारच्या बाईचं येणं आणि ऐकणं याला वजन आहे, एवढं त्यातून नक्की दिसतं.

मैत्रिणी आल्या म्हणून नवऱ्याची जबाबदारी संपत नाही, हेही इथेच सांगायला हवं. त्याच्या वाटणीचं काम मैत्रिणींनी केलं तर ती मदत गरोदर बाईला न होता त्याला होते.

‘आराम सांगितलाय, म्हणजे पलंगावरून उठायचं नाही’

एके काळी डॉक्टर सर्रास असा सल्ला देत. पण दिवसेंदिवस पडून राहिल्याने अकाली प्रसूती टळते, असं संशोधनात दिसलेलं नाही, आणि अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनेही असा सरसकट सल्ला देऊ नये असं म्हटलं आहे. उलट तोटे आहेत. गरोदरपणात रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता आधीच चार-पाच पटींनी वाढलेली असते, हालचाल थांबली की ती आणखी वाढते. स्नायू आणि हाडं कमजोर होतात, मन खचतं. वार खाली असणं, रक्तस्राव अशा काही अवस्थांत मर्यादा पाळाव्याच लागतात. त्या किती, हे तुमच्या डॉक्टरांना नेमकं विचारून घ्या: जिना चढायचा का, वजन किती उचलायचं, किती वेळ उभं राहायचं, गाडीतून प्रवास चालेल का.

ही उत्तरं मैत्रिणींनाही सांगून ठेवावीत. मग बादली उचलणं आणि बाजारातून पिशव्या आणणं त्या करतील, आणि ज्यांना चालायची परवानगी आहे त्यांच्याबरोबर संध्याकाळी सोसायटीत दोन फेऱ्याही मारतील.

‘कुणाचे उपकार नकोत’

ही सर्वांत खोल रुजलेली समजूत. मागितलं तर समोरची अडचणीत येईल, नाही म्हणता येणार नाही म्हणून हो म्हणेल, आणि आपण कायमच्या मिंध्या होऊ. स्वाभिमानी बाईला हे वाटणं मला पूर्णपणे समजतं. तरीही या हिशोबात एक मोठी चूक आहे.

फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या संशोधकांनी 2008 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कमधल्या विद्यार्थ्यांना त्यांनी सांगितलं, अनोळखी पाच जणांकडून एक प्रश्नावली भरून आणा. त्याआधी अंदाज विचारला: किती जणांना विनंती करावी लागेल? उत्तर आलं, सुमारे वीस. प्रत्यक्षात दहाजणांनाच विचारावं लागलं. मागणारा समोरच्याला होणाऱ्या त्रासाचा विचार करतो, पण तोंडावर नाही म्हणणं समोरच्याला किती जड जातं हे विसरतो. 2022 मध्ये शुआन झाओ आणि निकोलस एप्ली यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: मदत करणाऱ्याला मिळणारा आनंदही आपण कमी धरतो. हे तर अनोळखी माणसांचं झालं. तुमच्या लग्नात रुखवत मांडणारी, तुमच्या वडिलांच्या आजारपणात धावून आलेली मैत्रीण अनोळखी आहे का?

संकोच असतोच, पण त्याहून जास्त घोटाळा होतो तो मोघम बोलण्याने. ‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य कामाची वाटणी करत नाही. काय लागतंय ते शोधायचं, ते कुणाला शोभेल ते ठरवायचं, मग शब्द जुळवायचे, ही सगळी मेहनत ते आजारी बाईवरच टाकतं. म्हणून कामं आधी कागदावर उतरवावीत आणि ज्याला त्याला झेपेल असं नेमकं सांगावं. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी मुलाला पाळणाघरातून आणशील का?’ ‘पुढच्या सोनोग्राफीला माझ्याबरोबर येशील का? सकाळी दहाला आहे.’ ‘पंधरा दिवस पोळ्या तुझ्याकडच्या मावशींकडून करून मिळतील का? पैसे मी देते.’ असं विचारलं की समोरचीला होही म्हणता येतं आणि नाहीही. मुदत असली की तीही निर्धास्त होते.

हे सगळं स्वतः मागायचं बळ नसेल तर एका मैत्रिणीलाच मुख्य करा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा छोटा गट ती सांभाळेल, भेटायला कधी यायचं आणि कधी नाही हे तीच सांगेल. तब्येत कशी आहे हे वीसजणींना वीसदा सांगण्यातही केवढी तरी शक्ती जाते.

ऑफिसातल्या मैत्रिणीकडे वेगळं काम द्यावं: रजेचे कागद. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातले आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. याखेरीज गरोदरपणामुळे आलेल्या आजारपणासाठी, वैद्यकीय दाखला दिल्यास, एक महिना जास्त मिळतो, आणि गर्भपात झाल्यास सहा आठवडे. या जादा महिन्याची तरतूद कितीतरी बायकांना ठाऊकच नसते.

आणि नको असलेली मदत नाकारायला हरकत नाही. डोहाळजेवण मोठं करायचा मैत्रिणींचा उत्साह असेल आणि तुम्हाला बसवत नसेल, तर ‘अगं, त्याऐवजी तेवढ्या संध्याकाळी मुलाला तुझ्याकडे ठेव’ असं मोकळेपणाने सांगावं.

‘मैत्रिणी आहेत, मग निभावेल’

शेवटची समजूत उलट टोकाची आहे. कमी वजनाचं बाळ होण्याची शक्यता असलेल्या गरोदर स्त्रियांना जादा आधार दिल्याने काय होतं, याचा कॉक्रेन या संस्थेने 25 चाचण्यांमधल्या 11 हजारांहून अधिक स्त्रियांच्या माहितीवरून आढावा घेतला. रुग्णालयात भरती होण्याचं आणि सिझेरियनचं प्रमाण थोडं घटलं, बाळाच्या वजनावर मात्र परिणाम अगदी किरकोळ होता. आधाराने आईचे दिवस सुसह्य होतात. वार सरकत नाही, रक्तदाब उतरत नाही. म्हणून जे डॉक्टरांचं काम आहे ते मैत्रिणीच्या अनुभवावर सोपवू नये, तिला तीन मुलं असली तरीही.

सोबत राहणाऱ्या मैत्रिणीला मात्र धोक्याची लक्षणं तोंडपाठ हवीत. विसाव्या आठवड्यानंतर न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणारे ठिपके, बरगड्यांखाली दुखणं, चेहऱ्यावर आणि हातांवर एकाएकी सूज, रक्तदाब 140/90 किंवा जास्त. कुठल्याही महिन्यात रक्तस्राव. बाळाची हालचाल कमी वाटणं. पाणी जाणं. ताप. यातलं काहीही असलं तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही, 108 ला फोन करायचा किंवा गाडी काढायची. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर तीही तितकीच तातडीची बाब आहे. तिला एकटं सोडायचं नाही, आणि सरकारची टेली-मानस ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा दिवसरात्र सुरू असते.

रात्री-अपरात्री येण्याचं जिने कबूल केलंय, तिला रुग्णालयाचं नाव, डॉक्टरांचा नंबर, रक्तगट, सुरू असलेली औषधं आणि घराची दुसरी किल्ली आजच देऊन ठेवावी. फाइल कुठल्या कप्प्यात आहे तेही दाखवावं. आणि मोठा मुलगा अशा रात्री कुणाकडे झोपेल, हे त्या मुलालाही आधी सांगून ठेवावं.