ड्रोनचा कॅमेरा मान थरथरवतोय? आधी हे बघा

परवा डोणगावला चुलतभावाच्या शेतात सोयाबीनच्या मळणीचं शूटिंग करायला ड्रोन काढला. चालू करताच कॅमेरा थरथरला आणि मोबाईलवर सूचना आली : गिंबल मोटर ओव्हरलोड.

"गेला का रे दादा?" भावाने विचारलं.

गेला नव्हता. गिंबल म्हणजे कॅमेरा तोलून धरणारी यंत्रणा. बऱ्याच ड्रोनमध्ये तिला तीन मोटरी असतात. ड्रोन वाऱ्याने कलला की त्या उलट दिशेने फिरून कॅमेरा स्थिर ठेवतात. मोटरी इतक्या नाजूक की काडी अडकली तरी कुरकुरतात.

सगळ्यात आधी गिंबलचं कव्हर काढलंय का ते बघा. (हसू नका, मीही विसरलोय.)

मग ड्रोन बंद करून कॅमेरा बोटाने अलगद फिरवा. अडकतोय? माझ्या गिंबलमध्ये मळणीचं कुटार शिरलं होतं. मऊ ब्रश आणि हाताने दाबायचा ब्लोअर, एवढ्यावर काम झालं. तेल, ग्रीस अजिबात घालू नका.

क्षितिज तिरकं दिसत असेल तर ड्रोन सपाट फरशीवर ठेवून ॲपमधून गिंबल कॅलिब्रेशन करा. व्हिडिओ लाटांसारखा हलत असेल तर गिंबलचे डँपर (धक्के शोषणारे रबर) आणि पात्यांच्या कडा तपासा. चिरलेलं पातं बदलाच.

चालू केल्यावरही कॅमेरा मान टाकूनच राहिला, तर बहुधा आतली पट्टीसारखी केबल तुटलेली असते. तिथे घरचा स्क्रू ड्रायव्हर लावू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या.

पुन्हा कुटार शिरू नये म्हणून मी आता शेतात ताडपत्री अंथरूनच ड्रोन उडवतो.

तुमच्या गिंबलला काय होतंय? कमेंटमध्ये लिहा, जमलं तर व्हिडिओही टाका.