रिओ ग्रान्दे ते मार्था ब्रे : जमैकातील नदीसहलीची भाषा

कॅरिबियन समुद्रातील जमैका बेटावर उतरणाऱ्या प्रवाशापुढे करमणुकीचे जे प्रकार मांडले जातात, त्यांत बांबूच्या तराफ्यावरून नदीने खाली जाणे आणि घोड्यावर बसून रान व समुद्रकिनारा हिंडणे हे दोन प्रकार विशेष लोकप्रिय आहेत. दोहोंची सांगड घालून एका कुटुंबापुरती किंवा एका जोडप्यापुरती ‘खाजगी’ सहलही ठरविता येते. प्रवाशास निवासस्थानापासून नेण्याआणण्यासाठी स्वतंत्र मोटार, वाटेत माहिती देणारा एक वाटाड्या, नदीवर एक तराफा व त्याचा चालक, आणि तबेल्यावर मोतद्दारासह घोडे असा ह्या सहलीचा सर्वसाधारण सरंजाम असतो. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास हा विषय प्रथमदर्शनी परका वाटणे साहजिक आहे. परंतु ह्या एका दिवसाच्या प्रवासात कानावर पडणारे शब्द जर नीट तपासले, तर ताइनो, स्पॅनिश, इंग्रजी, आफ्रिकी आणि चक्क हिंदुस्थानी असे थर एकावर एक आढळतात. आणि तराफ्यावरचा चालक प्रवाशाशी जी भाषा बोलतो ती त्याची स्वतःची भाषा नसते, हे ध्यानात आले की ह्या करमणुकीमागील सामाजिक व्यवहारही स्पष्ट होऊ लागतो.

प्रथम तराफ्याविषयी. महाराष्ट्रात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर आज जे ‘राफ्टिंग’ चालते, त्यात रबरी होडी, खळाळते पाणी आणि हातात वल्हे घेतलेले सहा-आठ प्रवासी असतात. जमैकातील प्रकार निराळा. तेथील तराफा म्हणजे सुमारे तीस फूट लांबीचे बांबू एकत्र बांधून केलेला अरुंद पट्टा होय. मागील भागी दोन माणसांपुरती उंच बैठक असते, आणि पुढे उभा राहून चालक लांब काठीने तो रेटीत व वळवीत नेतो. पाणी बहुतेक संथ असते. बांबू पाण्याने कुजत असल्यामुळे एक तराफा काही महिनेच टिकतो व नवा बांधावा लागतो. ह्या चालकास तेथे ‘कॅप्टन’ म्हणतात, आणि त्याच्यापाशी परवाना असावा लागतो.

‘राफ्ट’ हा इंग्रजी शब्द मूळ जुन्या नॉर्स भाषेतील. त्याचा अर्थ तुळई किंवा वासा. जमैकाच्या बोलीत शब्दान्तीच्या जोडव्यंजनातील शेवटचे व्यंजन गळत असल्याने त्याचे ‘राफ’ झाले. मात्र ज्या द्रव्याचा हा तराफा बनतो त्याच्या नावाचा इतिहास मराठी वाचकास अधिक जवळचा वाटेल. बांबू हे जमैकाचे मूळचे झाड नव्हे. आज नदीकाठी दिसणारी मोठी बेटे आशियातून नेलेल्या जातीची आहेत. झाड जसे आशियातून गेले तसे नावही. ‘बांबू’ हा शब्द युरोपीय भाषांत कोठून आला याविषयी मतभेद आहेत. कोणी तो मलय मानतात, कोणी कानडी. परंतु त्याच्या सर्वांत जुन्या युरोपीय नोंदींपैकी एक गोव्यातील आहे, हे निर्विवाद. गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादात्मक ग्रंथात वंशलोचनाची माहिती देताना, हिंदी लोक ह्या वेळूस ‘मांबू’ म्हणतात, असे लिहून ठेवले आहे.

नद्यांची नावे हा ह्या विषयातील सर्वांत रंजक भाग. जमैका १४९४ पासून स्पॅनिश लोकांच्या दृष्टिपथात आले आणि १६५५ साली इंग्रजांनी ते जिंकले. स्पॅनिश वस्ती संपली तरी नद्यांनी आपली नावे टाकली नाहीत. पोर्ट अँटोनियोजवळील रिओ ग्रान्दे म्हणजे ‘मोठी नदी’. त्याशिवाय रिओ कोब्रे, रिओ मिन्यो, रिओ ब्वेनो ही नावे आहेतच. मात्र ज्यांना स्पॅनिश येत नव्हते त्यांनी ऐकलेल्या ध्वनींना आपल्या भाषेतील अर्थ चिकटविले. ओचो रिओस ह्या प्रसिद्ध किनारी गावाचे नाव शब्दशः ‘आठ नद्या’ असे होते, पण तेथे आठ नद्या मोजून दाखविणे कोणास जमलेले नाही. मूळ स्पॅनिश नाव ‘लास चोरेरास’, म्हणजे ‘धबधबे’, असे होते आणि इंग्रज कानांनी त्याचे ‘ओचो रिओस’ केले, हे फ्रेडरिक कॅसिडी यांनी दिलेले स्पष्टीकरण सामान्यतः मान्य आहे. ‘वॅग वॉटर’ नावाची नदी ही ‘आग्वा आल्ता’ची अपभ्रंशित आवृत्ती होय. मुंबईचे नाव पोर्तुगीजांच्या ‘चांगल्या उपसागरा’वरून पडले असे सांगणारी लोकव्युत्पत्ती आपल्याकडे किती काळ चालली, हे आठवले म्हणजे ह्या प्रकाराचे नवल वाटावयास नको.

तराफ्यांसाठी सर्वाधिक प्रसिद्ध झालेली दुसरी नदी म्हणजे फॅल्मथ गावाजवळची मार्था ब्रे. प्रवाशांस येथे एक कथा हमखास ऐकविली जाते. मार्था ब्रे नावाच्या ताइनो चेटकिणीस स्पॅनिश लोकांनी सोन्याची गुहा दाखविण्यास भाग पाडले. तिने त्यांस गुहेत नेले आणि नदीचा प्रवाह फिरवून त्यांस बुडविले. कथा चांगली आहे. परंतु ताइनो स्त्रीचे नाव ‘मार्था’ असावे, ही शंका ऐकणाऱ्यास आली पाहिजे. जुन्या नोंदींत ह्या नदीचे ‘मातिबेरेऑन’ असे नाव सांगितले जाते. ते ध्वनिसाम्याने ‘मार्था ब्रे’ झाले आणि नाव स्त्रीचे वाटू लागल्यावर त्या स्त्रीची कथा निर्माण झाली, असा क्रम मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. आधी कथा व मग नाव असे घडलेले नसून आधी नाव व मग कथा असे घडलेले असते, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय. कथेत बिचारे ताइनो मात्र सूड घेऊन उरतात. इतिहासात स्पॅनिश वसाहतीच्या पहिल्या काही पिढ्यांतच त्यांचा समाज उद्ध्वस्त झाला. त्यांची भाषा गेली, पण तिचे काही शब्द जगभर पसरले. कनू ही होडी, हॅमॉक ही झोळी, सव्हाना हे गवताळ माळरान, आणि हरिकेन हे वादळ. ह्यांतील शेवटच्या शब्दाची प्रचीती जमैकाने २८ ऑक्टोबर २०२५ रोजी पुन्हा घेतली. मेलिसा नावाच्या वादळाने त्या दिवशी बेटाच्या पश्चिम भागात भयंकर हानी केली.

रिओ ग्रान्देवरील तराफे हे प्रारंभी प्रवाशांसाठी नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लॉरेन्झो डाऊ बेकर ह्या अमेरिकन कप्तानाने पोर्ट अँटोनियोहून केळ्यांचा व्यापार सुरू केला, आणि डोंगरातील मळ्यांपासून किनाऱ्यापर्यंत केळ्यांचे घड आणण्यासाठी हे तराफे वापरले जाऊ लागले. पुढे १९४० नंतरच्या दशकात चित्रपटनट एरॉल फ्लिन ह्याने ते पाहिले, आपल्या मित्रांसह त्यांवर बसून शर्यती लावल्या आणि ओझ्याचे वाहन करमणुकीचे वाहन झाले, असे सांगितले जाते. श्रेय एकट्या फ्लिनला द्यावे की नाही हा प्रश्न निराळा. बदल झाला हे खरे. केळ्यांच्या जागी माणसे बसली, एवढाच तो बदल. काठी रेटणारे हात तेच राहिले.

ह्याच नदीच्या वरच्या खोऱ्यात मूर टाऊन हे मरून लोकांचे गाव आहे. ‘मरून’ हा शब्द स्पॅनिश ‘सिमारॉन’चा वंशज. स्पॅनिश लोकांनी हिस्पॅनिओला बेटावर आणलेली जी गुरे सुटून डोंगरात रानटी झाली त्यांस प्रथम सिमारॉन म्हणत. मग पळालेल्या मूळ रहिवाशांस आणि पुढे पळालेल्या आफ्रिकी गुलामांस तोच शब्द लावण्यात आला. जनावराचे विशेषण माणसास लावण्यातील तुच्छता उघड आहे. परंतु १७३९ साली इंग्रजांस ह्याच ‘सुटलेल्या’ लोकांशी तह करावे लागले. आफ्रिकेतील अकान भाषांशी संबंध असलेली क्रोमांटी वाणी मूर टाऊनच्या विधींत टिकून राहिली असून २००३ मध्ये युनेस्कोने तेथील परंपरेचा विशेष गौरव केला.

घोड्यांकडे वळले असता चित्र थोडे पालटते. घोडा हा प्राणीही स्पॅनिशांनीच आणलेला. इंग्रजी अमदानीत गुरेघोडे पाळण्याच्या मळ्यास जमैकात ‘पेन’ असा शब्द रूढ झाला. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ केवळ कोंडवाडा. जमैकात तो संपूर्ण जमीनजुमल्यास लागला आणि मे पेन ह्यासारख्या गावनावांत स्थिर झाला. (रायगड जिल्ह्यातील पेणशी त्याचा अर्थातच काही संबंध नाही.) परंतु हल्लीच्या प्रवाशाच्या कानी पडणारा घोड्यासंबंधीचा सर्वांत परिचित शब्द ‘चक्का’ हा होय. उत्तर किनाऱ्यावर चक्का कोव्ह नावाची जागा असून घोड्यावरून समुद्रात शिरण्याच्या सहली तेथूनच नावारूपास आल्या. हा शब्द पोलो खेळातला. पोलोच्या डावाचा एक कालखंड म्हणजे ‘चक्कर’. तो हिंदुस्थानातील इंग्रज घोडदळाने इंग्रजीत नेला आणि इंग्रजी उच्चारात त्याचा ‘चक्का’ झाला. म्हणजे संस्कृत ‘चक्रा’पासून निघालेला, मराठीत ‘चक्कर मारणे’ ह्या प्रयोगात नित्य वावरणारा शब्द लष्कर आणि खेळ ह्यांच्या वाटेने कॅरिबियन किनाऱ्यावर पोचला आहे. हिंदी शब्दांची जमैकातील दुसरी वाट अधिक कष्टाची होती. १८४५ पासून आणलेल्या गिरमिटिया मजुरांबरोबर ‘गांजा’, ‘रोटी’ हे शब्द गेले. एक शब्द साहेबाच्या खोगिरावर बसून गेला, दुसरे उसाच्या मळ्यात पायी गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता चालकाच्या भाषेविषयी, कारण विषयाचे मर्म तेथे आहे. जमैकातील बहुसंख्य लोकांची मातृभाषा ‘पात्वा’ म्हणून ओळखली जाणारी क्रिओल भाषा होय. तिचा शब्दसंग्रह मुख्यतः इंग्रजी असल्यामुळे ती ‘मोडकी इंग्रजी’ होय असा समज बाहेरच्यांत आणि जमैकन लोकांतही दृढ आहे. तो चुकीचा आहे हे तिच्या व्याकरणावरून सिद्ध होते. ‘इम आ क्याप्टिन’ म्हणजे ‘तो कॅप्टन आहे’. ‘दि राफ दे आ रिबा’ म्हणजे ‘तराफा नदीवर आहे’. आणि ‘दि रिबा डीप’ म्हणजे ‘नदी खोल आहे’. मराठीत तिन्ही ठिकाणी एकच ‘आहे’ येते, इंग्रजीतही एकच क्रियापद. पात्वात मात्र तादात्म्यासाठी ‘आ’, स्थाननिर्देशासाठी ‘दे’ आणि विशेषणापूर्वी काहीच नाही, असा तिहेरी भेद आहे. ज्या भाषेत इंग्रजीपेक्षा अधिक भेद पाळले जातात तिला मोडकी म्हणणे हे अज्ञान होय. बेरिल बेली यांनी १९६६ मध्ये ह्या भाषेचे वाक्यविन्यासशास्त्र मांडले आणि कॅसिडी व ले पेज यांचा कोश १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यानंतर तरी हा वाद संपावयास हवा होता.

तराफ्यावर हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. पात्वात ‘शकतो’ आणि ‘शकत नाही’ ह्या दोन अर्थांची रूपे जवळजवळ सारखी आहेत. पहिल्यात ‘क्यान’मधील आ-कार ऱ्हस्व, दुसऱ्यात तोच दीर्घ. नागरी लिपीत ऱ्हस्व आ-कारास चिन्ह नाही आणि मराठी कानासही केवळ स्वराच्या लांबीवरून अर्थभेद करण्याची सवय नाही. ‘मला पोहता येते’ आणि ‘मला पोहता येत नाही’ ह्यांत एवढाच फरक असेल, तर नदीवर त्याचे मोल किती, हे सांगावयास नको. दुसरे उदाहरण पुराचे. ‘दि रिबा कोम डोंग’, शब्दशः ‘नदी खाली आली’, ह्याचा जमैकात अर्थ नदीस पूर आला असा होतो. डोंगरात झालेल्या पावसाचे पाणी खाली लोटले, ही त्यामागील दृष्टी. मराठीत ‘पूर उतरला’ म्हटले की धोका टळला. म्हणजे दोन भाषांत ‘खाली येणे’ ही एकच क्रिया एका ठिकाणी इशारा, तर दुसऱ्या ठिकाणी दिलासा ठरते. पात्वाचे इंग्रजीशी असलेले शब्दसाम्य अशा वेळी उपकारक न ठरता फसवे ठरते.

म्हणूनच कॅप्टन प्रवाशाशी पात्वात बोलत नाही. तो आपली वाणी इंग्रजीच्या जवळ नेतो. दुसऱ्या तराफ्यावरील सोबत्यास हाक मारताना ती क्षणात परत वळते. प्रवाशांच्या करमणुकीसाठी पात्वाची एखादी म्हण मुद्दाम पेरली, तर ती तिसरीच तऱ्हा. इंग्रजी आणि क्रिओल ह्यांच्यामधील ही अखंड श्रेणी डेव्हिड डिकॅम्प यांनी १९६८ साली जमैकातीलच मोना येथे भरलेल्या परिषदेत विशद केली. मराठीच्या अभ्यासकांस ह्या परिषदेचे स्मरण अन्य कारणानेही असावे. डेल हाइम्स यांनी संपादिलेल्या आणि १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथात फ्रँकलिन साउथवर्थ यांचा मराठीच्या पूर्वेतिहासात क्रिओलीकरण झाले असावे असे सुचविणारा लेख आहे, आणि सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, कानडी व उर्दू ह्यांची वाक्यरचना कशी एकरूप होत गेली हे दाखविणारा गम्पर्झ व विल्सन यांचा प्रसिद्ध लेखही आहे. साउथवर्थ यांचे मत सर्वमान्य झाले नाही, आणि जमैकाच्या मळ्यातील सक्तीची परिस्थिती व दख्खनेतील दीर्घ सहवास ह्यांत मोठे अंतर आहे हा आक्षेप रास्तच आहे. तरी क्रिओल म्हटले की दूरच्या बेटांकडे बोट दाखविण्याची सवय त्या लेखाने मोडली. रेवदंड्यानजीक कोर्लई येथे पोर्तुगीज क्रिओल आजही बोलली जाते, हे मुंबईतील किती विद्यार्थ्यांस ठाऊक असते?

‘खाजगी’ ह्या शब्दाविषयी एक गोष्ट राहिली. प्रवाशाच्या दृष्टीने खाजगी सहल म्हणजे परक्यांची सोबत नसलेली सहल. त्या तराफ्यावर कॅप्टन उभा असतोच. तो परक्यांत धरला जात नाही. त्याच्यासाठी तोच दिवस सार्वजनिक, म्हणजे कामाचा असतो. रिओ ग्रान्देवर बेरीडेलपासून सेंट मार्गारेट्स बेपर्यंत उतरण्यास सुमारे अडीच ते तीन तास लागतात. तेथे प्रवासी उतरून मोटारीने निघून जातात. कॅप्टनास मात्र परंपरेने रिकामा तराफा प्रवाहाविरुद्ध काठीने रेटीत पुन्हा वर न्यावा लागत आला आहे, आणि त्यास उतरण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. वाटेत भेटणाऱ्या दुसऱ्या कॅप्टनाशी तो नदीच्या पाण्याविषयी बोलतो, ते पात्वात.