मिरवेल आली कुठून?



गेल्या पावसाळ्यात मंडणगड तालुक्यातल्या एका बागायतदाराच्या वाडीत गेलो होतो. सुपारीवर पन्नियूर-१ जातीची मिरवेल छान चढली होती. सवयीने विचारले, "रोपे कुठल्या रोपवाटिकेतली?"

ते हसले. म्हणाले, "रोपवाटिकेतली नाहीत साहेब, दोस्ताने आणून दिली. केरळात मलप्पुरमचा आहे. सौदीत जुबैलला आम्ही आठ वर्षे एका खोलीत होतो."

ओटीवर चहा घेताना त्या मिरवेलीची सगळी हकीकत ऐकली. ती तुमच्याही उपयोगाची आहे, म्हणून हा लेख.

रत्नागिरी-रायगडकडे आखाती नोकरी नवी नाही. १९७३-७४ साली तेलाचे भाव चढले आणि तिकडे कामगारांची मागणी वाढली. तेव्हा पत्रे आणि आवाज भरलेल्या कॅसेटी यायच्या, आता रोज मोबाईलवर चेहरा दिसतो. तरीही एक गोष्ट आपल्याला दिसत नाही. आपण पाहतो तो एसटी स्टँडवरचा निरोप. पण परदेशी राहणाऱ्याला तिकडेही पुन्हा पुन्हा निरोप द्यावे लागतात. त्याची खबर घरी येत नाही.

एका चुडातली रोपे

आमचे बागायतदार २००४ साली पाइप फिटर म्हणून गेले. खोलीत सहा जण, कुणी करीमनगरचा, कुणी आझमगढचा, शेजारच्या खाटेवर हा मलप्पुरमचा. भाषा मोडकी हिंदी. शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी केरळवाल्याच्या हातची मच्छी. एकाला ताप आला की दुसरा पेज करून देई. भाताच्या लावणीत एका चुडात दोन-तीन रोपे लावतो ना, तशीच ही माणसे. तरवा वेगवेगळ्या गावचा, पण वाढली एकत्र.

२०१२ साली त्या मित्राला 'फायनल एक्झिट' मिळाले, म्हणजे कायमचे परत जाणे. त्याच पहाटे यांची कामाची बस साडेचारला. गेटवर पाच मिनिटे उभे राहिले, हात हातात घेतला, बस हलली. संध्याकाळी परत आले तर शेजारची गादी गुंडाळून ठेवलेली. आठ दिवसांत तिथे नवा मुलगा आला. "शेतात नांग्या भरतात तशी जागा भरली साहेब," ते म्हणाले, "पण मला महिनाभर जेवण गेले नाही."

त्याच रात्री घरून फोन गेला होता. वहिनींनी मुलीच्या शाळेच्या फीचे विचारले. यांनी तुटक उत्तर देऊन फोन ठेवला. आपल्यावरच रागावले, असे वहिनी समजल्या. खरे कारण कळले ते पुढच्या सुट्टीत. त्या वेळी त्यांनी एक शहाणपणाचे काम केले. मित्राचा केरळातला घरचा नंबर घराच्या वहीत लिहून ठेवला.

वहीतला नंबर

२०१५ च्या उन्हाळ्यात यांचा फोन तीन दिवस लागेना. खोलीत सगळी नवी मुले, त्यांचे नंबर घरी नाहीत आणि घरचा नंबर त्यांच्याकडे नाही. वहिनींनी वही काढली, मोडक्या हिंदीत केरळला फोन केला. मित्राने जुबैलला ओळखीच्यांना फोन लावले. संध्याकाळपर्यंत बातमी आली. कामावर उन्हाने चक्कर येऊन पडले होते, दवाखान्यात होते, शुद्धीवर होते. मोबाईल खोलीतल्या कपाटात कुलपात. कंपनीचा फोन दुसऱ्या दिवशी आला.

"हे तिकडे आणि भाई केरळात," वहिनी म्हणाल्या, "पण मला पहिला धीर दिला तो भाईंनी."

आपण काय करावे?

१. आपला माणूस ज्यांच्याबरोबर राहतो त्यांची नावे, गावे आणि नंबर वहीत लिहा. तिकडचा नंबर परतल्यावर बंद होतो, म्हणून त्यांच्या घरचाही घ्या. आपला नंबर त्यांना द्यायला सांगा. खोलीत नवा माणूस आला की वहीत भर घाला.

२. "माझा दोस्त चालला," असे फोनवर कळले तर त्या दिवशी पैशाचा विषय काढू नका. दोन शब्द ऐकून घ्या.

३. निरोपाआधी हिशेब मिटवायला सांगा. उसने पैसे आणि मेसचा खर्च राहिला की दोस्तीत खडा पडतो. कायम परतणाऱ्याने नोकरीअखेरची रक्कमही समजून घ्यावी. सौदीत पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी अर्ध्या महिन्याचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला एक महिन्याचा पगार मिळतो. स्वतःहून नोकरी सोडल्यास ती कमी होऊ शकते.

४. सुट्टीहून जाताना दोस्तांसाठी खाऊ जरूर द्या, पण खसखस लावलेले अनारसे नकोत. सौदी, दुबईकडे खसखशीला बंदी आहे. त्यापायी माणसे तुरुंगात गेली आहेत. कुणाचेही शिवलेले पुडके न उघडता नेऊ नये.

आमचे बागायतदार २०१८ साली कायमचे परतले. पुढच्या वर्षी मुलीच्या लग्नाला केरळवाले भाई सहकुटुंब आले, ते पिशवीत मिरीची रोपे घेऊन. आज त्यांना घोस लागताहेत. पहिल्या तोडणीची पावशेर मिरी पोस्टाने मलप्पुरमला गेली. केरळात काय मिरीला तोटा! पण पाठवली.

तुमच्या घरचे कुणी बाहेरदेशी असेल तर आज फोन आल्यावर पगाराआधी एवढेच विचारा, "तुझ्याबरोबर जेवायला कोण असतं रे?" आणि जे नाव सांगेल ते वहीत लिहून ठेवा.