पाहुण्याच्या पायाखालचा दगड

बारामती–नीरा रस्त्यावर पणदरे परिसरात उसाच्या रानाकडेला जे नवे बंगले उभे राहिले आहेत, त्यांच्यातल्या काहींच्या नकाशात जिन्याखाली चार बाय पाच फुटांची एक चौकट असते. तिच्यावर लिहिलेले असते ‘पावडर रूम’. आत अंघोळीची सोय नाही. बेसिन, कमोड आणि आरसा. ही पाहुण्यांची खोली. शब्द इंग्रजांचा. अठराव्या शतकात तिकडचे श्रीमंत लोक केसांना आणि केसांच्या टोपांना पांढरी भुकटी लावत. त्यासाठी घरात वेगळी कोठडी असे. १७९५ साली तिथल्या सरकारने या भुकटीवर कर बसवला, पुढे ती हौस ओसरली, आणि शब्द उरला.

पाहुण्याला पाणी देण्याची जागा मात्र आपल्याकडे जुनीच आहे. जुन्या घरांत सोप्याच्या पायरीलगत एक घडीव काळा दगड, शेजारी रांजण आणि तांब्या असे. आलेला माणूस त्या दगडावर पाय धुऊन मग वर चढे. मागच्या बाजूला न्हाणी. तिचे पाणी मोरीतून परसात अळूला, कर्दळीला जाई. संडास घराबाहेर, आणि पुष्कळ घरांना तो नव्हताच. बायकांना अंधार पडायची वाट पाहावी लागे. कार्याला आलेल्या पाहुणीची अडचण तर कोणाला सांगताही येत नसे. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा हा विषय ग्रामसभेत उघड बोलला जाऊ लागला. म्हणून जिन्याखालच्या या खोलीला मी नुसती श्रीमंती हौस म्हणत नाही. दाराशी पाणी देण्याची रीत आणि बाईमाणसाची राहून गेलेली सोय, या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र येतात. मग तिथली फरशीही त्याच हिशेबाने निवडायला हवी.

आपल्या पायाखालचे दगड कसे बदलत गेले, ते थोडक्यात पाहू. पहिला दगड इथल्याच जमिनीतला, काळा बेसाल्ट. टाकीने घडवलेला, खरखरीत. दुसरा शहाबादी. शहाबाद हे तेव्हाच्या निजामाच्या राज्यातले, मुंबई–रायचूर लोहमार्गावरचे गाव. हा मार्ग १८७१ साली रायचूरला पोचला आणि १९१४ साली दौंड–बारामती ही अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली, तेव्हा या फरशीला बारामतीपर्यंत रूळ मिळाले. तिसरी रंगीत नक्षीची सिमेंट टाइल. परदेशी टाइलला स्वदेशी उत्तर म्हणून मुंबईत १९२२ साली भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी निघाली. ही टाइल भट्टीत भाजत नाहीत, दाबयंत्राखाली दाबून पाण्यात मुरवतात. पुढे चकचकीत सिरॅमिक आले, आणि आता मोरबीहून ट्रकने येणारी व्हिट्रिफाइड टाइल. गुळगुळीतपणा वाढत गेला. ओल्या पायाची पकड मात्र कमी होत गेली.

पहिला मुद्दा पाण्याचा. १८८०च्या दशकात नीरा डावा कालवा झाला आणि या भागाचे दैव पालटले. पण काळ्या रानात पाणी मुरून क्षारही वर आले. विहिरी-बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग नळाखाली साचतात. ते काढायला घरोघरी अ‍ॅसिड वापरतात. हा डाग मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. शहाबादी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर हे दगडही त्याच चुन्याच्या कुळातले. अ‍ॅसिडला डाग आणि दगड यांतला फरक कळत नाही. डागाबरोबर ते दगडाचा वरचा थरही खाते. बेसाल्ट आणि ग्रॅनाइट त्या मानाने टिकतात. म्हणून बेसिनचा ओटा ग्रॅनाइटचा किंवा बेसाल्टचा करावा. संगमरवर हवाच असेल, तर पाणी लागणार नाही अशा भिंतीवर लावावा.

दुसरा मुद्दा पायांचा. घरी येणारी आत्या-मावशी, गुडघे धरून चालणारे आजोबा, यांना आरशासारखी फरशी धोक्याची. दुकानात टाइलचा ‘आर’ क्रमांक विचारावा. ओल्या जागी तो किमान आर-१० असावा. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही, पण म्हणून ती घसरत नाही असे नव्हे. भिंतीची चकचकीत टाइल दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषते, ती जमिनीवर घालूच नये. जमिनीला टाकीचा किंवा फ्लेम-फिनिश दगड, भिंतीला कमरेपर्यंत चकचकीत टाइल, एवढ्याने खोली सुरेखही दिसते. खोली लहान असल्याने एकच रंग पुढे ठेवावा: काळा दगड असेल तर भिंत फिकट.

तिसरा मुद्दा जमिनीचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. तिच्यावर थेट फरशी टाकली तर सांधे उघडतात. माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून चोपावा, मगच कोबा करावा. ढाळ फुटाला निदान एक सूत, खरखरीत दगडाला थोडा जास्त. पाच फुटांत पाच सूत, म्हणजे अर्ध्या इंचाहून थोडे अधिक. डोळ्याला दिसत नाही, पाण्याला कळते.

हे पाणी जिथे उतरते त्या जाळीखालच्या भांड्याला देशभरचे प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपली न्हाणी अशी त्यांच्या भाषेत जाऊन बसली आहे. या भांड्यात साधारण दोन इंच पाणी साठून राहते आणि तेच गटाराचा वास अडवते. पावडर रूम रोज वापरात नसते. उन्हाळ्यात ते पाणी आटते आणि महागड्या फरशीची खोली वास मारू लागते. त्यावर उपाय सोपा आहे. पाहुणा नसला तरी आठवड्यातून एकदा तिथे तांब्याभर पाणी ओतावे.