टू-डी इको नॉर्मल आला, म्हणजे ब्लॉकेज नाही का? मानेची सोनोग्राफी काय सांगते

तळवली : ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात नोकरी करणाऱ्या अनेकांच्या हातात आरोग्य तपासणीचा रिपोर्ट पडतो. 'टू-डी इको नॉर्मल' एवढं वाचलं की घरी सांगून मोकळं व्हायचं, "ब्लॉकेज नाही, टेन्शन नाही." घोळ इथेच होतो.

इको ही हृदयाची सोनोग्राफीच. हृदयाचा पंप किती जोरात चालतो, झडपा नीट उघडतात का, हे त्यात दिसतं. पण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद, ठोक्यागणिक हलणाऱ्या, त्यात पुढे बरगड्या आणि हवेने भरलेली फुफ्फुसं. त्यांच्यात साचलेली चरबी साध्या इकोत दिसत नाही. धमनी निम्म्याहून अधिक अरुंद झाली तरी माणूस पडून असताना स्नायूला रक्त पुरतं आणि इको नॉर्मल येतो. म्हणून शंका असेल तर डॉक्टर पट्ट्यावर चालवून किंवा इंजेक्शन देऊन 'स्ट्रेस इको' करतात. तोही आजार बराच पुढे गेल्यावरच बोलतो.

मग सुरुवातीलाच कसं कळणार? इथे मान उपयोगी पडते. जबड्याखाली बोट ठेवलं की ठोका लागतो, ती कॅरोटिड धमनी. ती त्वचेलगत असल्याने सोनोग्राफीत स्वच्छ दिसते. चरबी साचण्याचा आजार सहसा एकाच धमनीपुरता राहत नाही. मानेत थर दिसला तर हृदयातही असण्याची शक्यता वाढते. या तपासणीत ना सुई, ना क्ष-किरण.

१९८६ मध्ये इटलीत पाओलो पिग्नोली यांनी धमनीच्या भिंतीची जाडी सोनोग्राफीने मोजून दाखवली. पुढे कित्येक वर्षं त्या जाडीला फार महत्त्व मिळालं. आता मात्र अमेरिकेच्या २०१३ च्या आणि युरोपच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की नुसती जाडी सरसकट मोजू नका. भिंतीवर उंचवटा, म्हणजे 'प्लाक' आहे का, हे बघणं जास्त कामाचं. रिपोर्टमध्ये हाच शब्द शोधावा.

माद्रिदमध्ये ४० ते ५४ वयाच्या चार हजारांवर बँक कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. एकालाही हृदयरोगाचं निदान झालेलं नव्हतं, तरी ६३ टक्के लोकांत कुठे ना कुठे हा आजार सापडला. सर्वाधिक जांघेकडच्या धमन्यांत, त्याखालोखाल मानेत. आपल्याकडे घाई जास्त: 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी आला, इतरांना ५९ च्या आसपास.

चाळिशी ओलांडलेली, बीपी किंवा कोलेस्टेरॉल जरा वर, घरात कुणाला लवकर झटका आलेला, तंबाखूची सवय (मिश्रीही त्यात आली) आणि गोळी सुरू करायची की नाही यावर डॉक्टरच अडलेले, अशांना या तपासणीचा खरा उपयोग. मधुमेह जुना असेल तर मान स्वच्छ दिसली म्हणून गोळ्या बंद करू नयेत. मान स्वच्छ म्हणजे हृदय स्वच्छ, असंही नाही.

गावच्या शिबिरात मंडपात मशीन आणून ही तपासणी सहसा होत नाही, त्यालाही कारण आहे. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी मशीन नोंदणीकृत जागेबाहेर किंवा नोंदणीकृत फिरत्या पथकाबाहेर वापरता येत नाही.

आणि छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर मानेची सोनोग्राफी शोधत बसू नये. तेव्हा लागतो तो ईसीजी, तोही लगेच, जवळच्या रुग्णालयात.